चौसष्टावा गोल

सामना सुरू व्हायला तासभर होता, तेव्हा माइककाकांचा मेहुणा उद्घोषकाच्या केबिनची शिडी चढून वर आला आणि त्याने टेबलावर, खेळाडूंच्या नावांच्या यादीवरच, एक बोल्ट ठेवला. बोल्ट मधोमध तुटलेला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता, उरलेला अर्धा लखलखत होता.

माइककाकांनी आधी बोल्टखालची यादी अलगद ओढून घेतली. तिच्यावर डाग पडला नव्हता. मग त्यांनी चष्मा वर सरकवला.

"काळा आहे तो जुना," मेहुणा म्हणाला. "चमकतोय तो आजचा. मघाशी माझ्यासमोर गेला. कट् असा आवाज झाला, बस."

"कुठला हा?"

"पूर्वेचा स्टँड, तिसरा खांब. तुळई खांबाला बसते ना, तिथला. तुळईलाही चीर गेलीय, भाऊजी. आत पत्त्यांतलं पान सरकेल एवढी."

मेहुणा सुतार होता, काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. क्लबच्या लाकडी स्टँडची डागडुजी वीस वर्षं तोच करत होता. दर वर्षी तो नवं लाकूड मागायचा आणि दर वर्षी त्याला रंग मिळायचा, कारण क्लबच्या अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं. त्यामुळे लांबून पाहिलं तर स्टँड दृष्ट लागावी असा पिवळाधमक दिसे.

"अध्यक्षांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आजचा दिवस ढकल. जॅक लाव, टेकू लाव, काय वाटेल ते लाव. लावलाय. लोक नुसते बसले तर काही होणार नाही. नाचले, उड्या मारल्या तरी जो तो आपापल्या वेळेला मारतो, लाकूड ते पचवतं. पण सगळ्यांनी एका ठोक्यावर पाय आपटले..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "भाऊजी, आज गोल झाला तर मोजू नका."

माइक बंद असला की माइककाका गप्पच असत. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्यांच्या ओळीतला काना-मात्रा शोधता शोधता स्वतःला काही बोलायचं असतं हेच ते विसरले होते. लग्नाकार्यात ते चपलांच्या राखणीला बसायचे, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नसे. पण सव्वीस वर्षांपूर्वी क्लबला नावं नीट वाचणारा कुणीतरी हवा होता, आणि कपडे बदलायच्या खोल्यांच्या डोक्यावर बांधलेल्या या केबिनमध्ये, समोर माणूस नसताना, आपल्याला बोलता येतं असा काकांना शोध लागला. तेव्हापासून त्यांचं एक नाव चुकलं नव्हतं, एक मिनिट चुकलं नव्हतं. मैदानावर रेफरीपेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त वजन होतं.

आणि ती मोजणी त्यांनीच सुरू केली होती. त्या काळी क्लब शेवटून दुसरा असायचा आणि स्टँडवर चाळीस-पन्नास माणसं. त्यांच्या टाळ्या मैदानाच्या मध्यापर्यंतसुद्धा पोचत नसत. एकदा गोल झाल्यावर काका सहज म्हणाले होते, "मंडळी, यंदाचा हा सातवा. सात वेळा पाय वाजवू या. एक... दोन..." लाकूड असं काही घुमलं की पाहुण्यांचा गोलकीपर दचकून मागे बघायला लागला. तेव्हापासून पायंडाच पडला. गोल झाला की वर्षभरातले सगळे गोल पहिल्यापासून मोजायचे. काका आकडा म्हणणार, स्टँड पाय आपटणार. अट एकच होती, तीही काकांचीच. समोरच्या संघाने चुकून स्वतःवर चढवलेला गोल मोजायचा नाही. दुसऱ्याचा पाय घसरला म्हणून आपण कशाला नाचायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी एकूण अकरा गोल झाले होते. यंदा त्रेसष्ट.

"मी नाही मोजलं तर ते आपले आपण मोजतील," काका म्हणाले. "त्यांना आता माझी गरज नाही."

"मग सांगून टाका. स्टँड मोडलाय, उतरा."

"चौदाशे माणसं. जिना एक."

मेहुण्याने मान खाली घातली. दुसऱ्या जिन्यासमोर अध्यक्षांनी दुकानाचा फलक उभा केला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. उरलेला जिना असा होता की दोन माणसं एका वेळी उतरली तर तिसऱ्याने श्वास रोखायचा.

"मी खाली जॅकजवळ बसतो," मेहुणा म्हणाला. "काही झालं तर दोन्ही हात वर करीन."

"काही झालं तर हात वर करायला तू उरशील का? बाहेर राहा."

"ताई वर बसलीय," मेहुणा म्हणाला आणि शिडी उतरून गेला.

आज जिंकलं तर क्लब वरच्या गटात जाणार होता. बरोबरी कामाची नव्हती. गॅरेजमधले दोघं भाऊ, बँकेतला एक कारकून, पाव पोचवणारी गाडी चालवणारा टाचणी, अशी ही अकरा माणसं वर्षभर अशी खेळली होती की तालुक्याबाहेरच्या वर्तमानपत्रांनाही त्यांचे फोटो छापावे लागले. टाचणी म्हणजे अंगाने काडी, डोकं मोठं. त्रेसष्टांतले एकतीस त्याचे. मैदान मात्र तेच होतं. सहाशे माणसांसाठी बांधलेल्या स्टँडवर आता चौदाशे चढायची. फुटबॉल संघटना म्हणायची, आधी धड स्टेडियम बांधा, मग वर या. पालिका म्हणायची, आधी वर जा, मग बांधून देऊ. या दोघांच्या मधे अध्यक्ष सहा वर्षं एक फाइल घेऊन येरझाऱ्या घालत होते. आज त्यांनी पालिकेच्या साहेबांनाच सामन्याला आणलं होतं. पश्चिमेला, मैदानालगत, साहेबांसाठी गादीची खुर्ची ठेवली होती.

काकांच्या खुर्चीतून पूर्वेचा स्टँड नाकासमोर दिसायचा. सगळ्यात वरच्या कठड्याची पिवळी पट्टी आणि तिच्या मागे गोदामाच्या भिंतीवरची पांढरी रेघ. दोन्ही छापल्यासारख्या समांतर, मधे एका बोटाचं अंतर. इतकी वर्षं त्यांनी ते पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. आज ते त्या अंतरावरून नजर काढीनात.

अकराव्या रांगेत, कडेला, निळी पिशवी मांडीवर घेऊन बायको बसली होती. गेली सव्वीस वर्षं ती तिथेच बसायची. नवऱ्याचा आवाज घरात ऐकायला मिळत नाही, म्हणून इथे येऊन ऐकते, असं ती शेजारणींना सांगायची.

खेळ सुरू झाला. काकांनी दोन्ही संघांची नावं वाचली. सातव्या मिनिटाला टाचणीने गोलकीपरच्या हातात चेंडू मारला आणि चौदाशे माणसं उठून उभी राहिली. पिवळी पट्टी हलली. पुन्हा स्थिर झाली. काकांनी मनात पहिल्यांदाच ते म्हटलं आणि मग मध्यंतरापर्यंत तेच म्हणत राहिले, नको. आज नको. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो गोल आज नको. स्वतःच्या संघाच्या मुळावर उठलेला माणूस, असं त्यांना स्वतःबद्दल वाटत होतं, पण तोंडातला शब्द बदलत नव्हता.

मध्यंतराला एकही गोल झालेला नव्हता. काकांनी फोन लावला.

"अहो, बोला. मोठ्याने बोला, इथे बाजार भरलाय."

"तू खाली ये."

"का? तब्येत बरी नाही का तुमची?"

"माझी बरी आहे. स्टँडची बरी नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं, बोल्टसकट. बोलताना त्यांच्या लक्षात आलं, माइक नसताना एवढं सलग आपण बऱ्याच वर्षांत बोललेलो नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी उठले तर माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या दोघी विचारतील, कुठे चाललात. त्यांना काय सांगू? आमच्या ह्यांनी मला एकटीला बोलावलंय, तुम्ही बसा?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. आणि माझा भाऊ खाली जॅकला मिठी मारून बसलाय, हो ना? मला माहीत आहे तो. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसते. घाई झाली तर तिथे माणूस पाहिजे. तुम्ही तुमचं बघा."

"माझं काय बघू?"

"ते मला काय विचारता? माइक तुमच्याकडे आहे."

फोन ठेवला तोच शिडी करकरली आणि अध्यक्ष वर आले. धिप्पाड गृहस्थ, पण आज शर्ट अंगाला चिकटला होता आणि चेहरा उतरला होता.

"काका, तुमच्या मेहुण्याने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. तेवढी पंचेचाळीस मिनिटं काढा."

"लोकांना खाली आणू. हळूहळू, रांगेने."

"आणि ठेवू कुठे? तिन्ही बाजू भरल्यात. मैदानाच्या कडेला उभे केले तर रेफरी खेळ थांबवणार. खेळ थांबला की सामना त्यांचा. नियम वाचलाय मी, पाठ आहे मला." त्यांनी खिडकीतून गादीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "सहा वर्षं त्या माणसाच्या दाराशी बसलोय. आज जिंकलो तर त्याला नाही म्हणता येणार नाही. नवं मैदान, काका. सिमेंटचं. आठ जिने. हे सगळं मी या लोकांसाठीच करतोय ना?"

"गोल झाला तर?"

गोल तर अध्यक्षांना हवाच होता.

"झाला तर बघू," ते म्हणाले आणि उतरून गेले.

दुसरा अर्धा खेळ सुरू झाला आणि काकांना कळलं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. खरं सांगितलं तर माणसं जिन्यावर पडतील. गप्प बसलो तर ती आपोआप मोजतील. आज हातांनी टाळ्या वाजवा म्हटलं तर हसतील आणि दुप्पट जोराने आपटतील. कागदावर असती तर ही ओळ त्यांनी तीन वेळा वाचून पाहिली असती, समासात खूण केली असती, कुणाला तरी विचारायला पाठवली असती. इथे पाठवायला कुणी नव्हतं. आपल्यापेक्षा शहाणा माणूस या खुर्चीत असता तर त्याला काहीतरी सुचलं असतं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

साठावं मिनिट. पासष्टावं. पाहुणे गोलसमोर भिंतीसारखे उभे होते, त्यांना बरोबरी पुरत होती. स्टँड घसा फोडून ओरडत होता. मधूनच कुणीतरी दोन-चार पाय आपटायचं आणि काकांची नजर कठड्याकडे जायची. कठड्याची पट्टी आणि भिंतीवरची रेघ यांच्यातलं अंतर डाव्या टोकाला एक बोट होतं. उजव्या टोकाला आता दीड वाटत होतं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. दीडच होतं.

एकोणऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला.

चेंडू उंच आला. गोलसमोर दहा-बारा जणांची गर्दी उसळली, त्या गर्दीत टाचणीचं मोठं डोकं सगळ्यांच्या वर आलं, चेंडू त्याला लागला आणि आत गेला. पाहुण्यांच्या एका बचावपटूने पाय वर टाकला होता, तो चेंडूपासून वीतभर लांब राहिला. काकांना केबिनमधून ते स्वच्छ दिसलं. अक्षर न् अक्षर दिसावं तसं.

मैदानावर एकच गलका झाला. रेफरीने मध्याकडे हात केला. स्टँडवर चौदाशे माणसं उभी राहिली आणि मग दर वेळी व्हायचं तेच झालं. एकदम शांतता पसरली. चौदाशे चेहरे केबिनकडे वळले. उजवे पाय वर उचललेले. काका 'एक' म्हणणार होते.

स्टँडखालच्या अंधारात मेहुण्याचा सदरा दिसत होता. त्याने हात वर केले नव्हते. त्याचे दोन्ही हात टेकूला धरलेले होते.

काकांनी माइकचं बटण दाबलं.

"एकोणऐंशीवं मिनिट," ते म्हणाले. "स्वयंगोल. पाहुण्या संघाच्या क्रमांक पाचच्या पायाला लागून."

वर उचललेले पाय तसेच राहिले. मग ते खाली आले, एकेक, कसेही, आणि त्यांच्याबरोबर चौदाशे तोंडं उघडली.

"नाही! नाही! टाचणीचा!"

"काका, चष्मा बदला!"

"डोकं होतं ते, डोकं! एवढं मोठं डोकं दिसत नाही तुम्हाला?"

"म्हातारा पाहुण्यांचं मीठ खाऊन आलाय आज!"

हा शेवटचा आवाज काकांना ओळखू आला. छापखान्यात त्यांच्या शेजारी बसणाऱ्याचा तो मुलगा होता. काकांनी माइक बंद केला. खाली मैदानात टाचणी केबिनकडे तोंड करून दोन्ही तळवे पसरून उभा होता. कप्तानाने त्याला खांद्याला धरून ओढत नेलं. गादीच्या खुर्चीशेजारी अध्यक्षांनी मान वर करून केबिनकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

स्टँडवर भांडण पेटलं होतं. काहीजण रागाने पाय आपटत होते. पण राग प्रत्येकाचा निराळा असतो. कुणाचा पाय आधी, कुणाचा नंतर, कुणी शेजाऱ्याशीच वाद घालत होता की गोल कुणाचा. लाकूड कण्हत होतं, पण घुमत नव्हतं. अंतर दीड बोटच राहिलं.

अकरा मिनिटं उरली होती आणि ती काकांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला टाचणी एकटा सुटला. समोर फक्त गोलकीपर. त्याच्या धावण्यात नुसता संताप होता, हिरावून घेतलेला गोल परत मिळवायला तो निघाला होता. हा गोल कुणाच्याही पायावर ढकलता येणार नव्हता. काका खुर्चीतून उठले. "मारू नकोस रे," ते मोठ्याने म्हणाले. माइक बंद आहे ना, हे त्यांनी मग पाहिलं. टाचणीने चेंडू जीव खाऊन मारला, तो गोलच्या खांबावर आदळला आणि बाहेर गेला. स्टँडने एवढा मोठा सुस्कारा सोडला की काकांना तो छातीत जाणवला.

शिट्टी वाजली. एक शून्य. क्लब वरच्या गटात गेला होता.

आता ते मोजणार होते. हंगाम संपला की सगळेच्या सगळे मोजायचे, हाही पायंडाच होता. पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, पण मागच्या रांगा आत्ताच पाय जुळवायला लागल्या होत्या. काकांनी श्वास घेतला.

"मंडळी, मैदान खुलं आहे. पूर्वेच्या मंडळींनी खाली यावं."

"आधी टाचणीचा गोल द्या!" वरून कुणीतरी गरजलं आणि सगळ्यांनी ते उचललं. "गोल द्या! गोल द्या!"

"खाली या," काका म्हणाले. "खाली या, मग गोल कुणाचा ते सांगतो. वरून विचारलंत तर नाही सांगणार. इथे माझ्या समोर उभं राहून विचारा. खालच्या रांगा आधी. जिन्यावर आमच्या घरचं माणूस उभं आहे, ती सांगेल तसं उतरा. मी बेचाळीस वर्षं तिचंच ऐकतोय, माझं काही वाईट झालेलं नाही."

हशा पिकला. आणि हसणारी माणसं उतरायला लागली. बायको जिन्याच्या तोंडाशी हात आडवा धरून उभी होती. तिचा आवाज केबिनपर्यंत येत नव्हता, पण हात दिसत होता. दोन माणसं, हात आडवा. दोन माणसं, हात आडवा. एक दांडगा तरुण रांग सोडून पुढे घुसला, तेव्हा तिने त्याच्या दंडाला धरून त्याला परत मागे उभं केलं, आणि तो राहिलाही. जमाव मैदानावर पसरत केबिनकडे येत होता. काकांना शिव्या द्यायला येत होता, पण येत होता. वीस मिनिटं लागली. शेवटची दोघं उतरली तेव्हा पिवळी पट्टी उजव्या टोकाला पांढऱ्या रेघेपासून दोन बोटं खाली होती. बायको जिना उतरली, खाली वाकली आणि तिने भावाला टेकूजवळून ओढून बाहेर काढलं.

शिडीवरून अध्यक्ष धापा टाकत आले.

"काका, झकास केलंत. उपकार झाले. आता सांगा की गोल टाचणीचा, माझी चूक झाली, आणि संपवा. बोल्टबिल्ट काही बोलू नका. साहेब ऐकताहेत. उद्या मैदानाला टाळं लागेल. मैदान नाही तर वरच्या गटात प्रवेश नाही. जिंकूनसुद्धा हरलो आपण."

"आणि नाही बोललो तर?"

"नवं होईपर्यंत हा स्टँड मी बंद ठेवतो. शब्द देतो."

"पुढच्या शनिवारी इथे शाळांचे सामने आहेत," काका म्हणाले. "चाळीस शाळा. त्या कुठे बसणार?"

अध्यक्षांनी बहुधा तो विचारच केला नव्हता.

खिडकीखाली चेहरेच चेहरे होते. इतक्या जवळून, इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत, हे काकांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. बोलताना त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही, टेबलावरच्या यादीकडे पाहिलं आणि छापलेलं वाचल्यासारखं बोलले.

"एक दुरुस्ती आहे. एकोणऐंशीव्या मिनिटाचा गोल टाचणीचा. डोक्याने मारलेला. मला दिसला होता. मी मुद्दाम खोटं सांगितलं. तुम्ही चौसष्ट वेळा पाय आपटले असते, आणि तुमच्या पायाखालची तुळई चिरलेली आहे. बोल्ट तुटलेला माझ्याकडे आहे. सामना सुरू होण्याआधीपासून आहे. हे मला तेव्हाच माहीत होतं, क्लबलाही माहीत होतं. एवढंच."

चौदाशे माणसं वळली आणि रिकाम्या स्टँडकडे बघायला लागली. एका बाईने आपल्या दोन्ही मुलांचे हात धरले. छापखान्यातल्या मित्राचा मुलगा मान खाली घालून बुटाने गवत उकरत राहिला.

पालिकेचे साहेब खुर्चीतून उठून फाटकाकडे निघाले. पण फाटकाच्या वाटेवर माणसं होती. त्यांना कुणी हात लावला नाही, फक्त कुणी बाजूलाही झालं नाही. मेहुणा बॅटरी घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"या साहेब," तो म्हणाला. "डोकं सांभाळा, वाकावं लागेल."

साहेब चकचकीत बुटांनिशी वाकले आणि स्टँडखाली गेले. अध्यक्ष थोडा वेळ शिडीशी घुटमळले. मग त्यांनी काखेतली फाइल नीट केली आणि तेही पाठोपाठ गेले, वाकून.

टाचणी खिडकीखाली आला. त्याचे डोळे अजून लाल होते.

"काका, मला आधी सांगायचंत ना. मी मारलाच नसता."

"म्हणून तर नाही सांगितलं," काका म्हणाले.

बायको मैदान ओलांडून येत होती, सावकाश, गुडघा दुखतो तशी जरा उजवीकडे झुकत. शिडीखाली येऊन तिने वर पाहिलं. काकांना तिला काहीतरी सांगायचं होतं, पण माइक बंद केलेला होता आणि नेहमीप्रमाणे त्यांना पहिला शब्दच सापडेना.

"अहो," तीच म्हणाली, "माझी पिशवी वरच राहिली. थर्मास आहे त्यात."

काकांनी स्टँडकडे पाहिलं. अकराव्या रांगेत, कडेला, निळी पिशवी एकटीच बसली होती.

"राहू दे," ते म्हणाले.